राजाने आधी विचारलं

बा,

आज सूर्यमाळहून जीपने पिशवी आली. नागलीचे पापड, उडीद आणि खुरासणीच्या तेलाची भरलेली बाटली. जीपवाल्याला वीस रुपये दिले, बाकी खर्च पाठवणारीचा. पाठवणारी म्हणजे तुझी नातसून. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलीय. तेल बघितलं आणि मी ओट्याला टेकून उभी राहिले. हा टोमणा समजू की माया, ते मला कळेना.

झालं असं. ती जायच्या आधी, माझ्याबरोबर रोज भजनाला बसणारी शेजारीण कानाशी लागली, "वहिनी, तुमची सून नळावर सांगत होती, सासू तेल मोजून देते, पोटुशी बाईलासुद्धा." मी तेल मोजून वापरते हे खरंच आहे, म्हणून ते जास्त लागलं. आणि देवाधर्माची, टाळ धरणारी बाई खोटं कशाला बोलेल? सुनेची ओटी भरली मी, नारळही चांगला बघून दिला, पण तोंडातून शब्द काढला नाही. जीप सुटेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती.

आज मग तुझं नाटक आठवलं. शाळेच्या पटांगणात, भर दुपारी, गुरुजींनी जुनं संगीत नाटक बसवलेलं. तू राजा. शिंपीमामा मिशी काढून राणी झालेले. प्रधान खोटं पत्र दाखवतो, राणी शत्रूला सामील आहे म्हणतो, राजा विश्वास ठेवतो आणि तिला रानात धाडतो. आपल्या लोकांनी तोवर मुखवटे घालून नाचायचा बोहाडाच बघितलेला. तिथे राक्षसाला राक्षसाचा मुखवटा असतो, कडेवरच्या पोरालाही कळतं. इथे प्रधानाचं तोंड आपल्यासारखंच, वर कपाळाला गंध. बाया त्याच्याच बोलण्यावर माना डोलावतायत. तू पत्र हातात घेऊन गप्प उभा आहेस. पडद्याआडून गुरुजी ओरडतायत, "म्हण ना रे! चालती हो, म्हण!"

"थांबा गुरुजी, आधी इचारतो तिला," तू म्हणालास. आणि शिंपीमामांकडे वळलास. "हे तू लिहिलंस का गं?"

शिंपीमामा गांगरले. "नाही रे... नाही महाराज."

"नाही म्हणते. मग झालं."

सगळं पटांगण हसलं. गुरुजी कपाळ बडवत बाहेर आले, "अरे, दोन अंक राहिले ना! वनवासाचं सामान जव्हारहून आणलंय!" घरी आई म्हणाली, "राजा केला तर नाटकच बुडवलंस." तू भाकरी मोडत म्हणालास, "बायको व्हती त्याची. इचारायला काय जात व्हतं?"

बा, जातं रे. सून नाही म्हणाली, तर शेजारीण खोटी ठरेल, आणि तिच्याआधी मी. हो म्हणाली, तर ऐकून घ्यावं लागेल. सकाळपासून दोनदा फोन हातात घेतला आणि रेंज नाही म्हणून ठेवला. रेंज होती. हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. हे पत्रही पेटीत पडायचं नाही, तुझा पत्ता कुठला घालू? तरी विचारते, एवढ्या माणसांत तुझं तोंड कसं उघडलं? बाळ यायच्या आत मला तिला विचारायचंय. उलट टपाली कळव.