टॉवरवरचा चिखल

३ मार्च १९७५

पुन्हा तेच! सगळी गल्ली माना वर करून उभी. हेलिकॉप्टर येणार, टॉवरच्या डोक्यावर लोखंडाचा तुकडा ठेवणार. मी पडदा ओढून घेतला.

रात्रंदिवस काँक्रीट ओतलं, आणि हाती काय आलं? टीव्हीची काठी! आणि तिच्या कमरेला गोल फिरणारी खानावळ. म्हणे जेवता जेवता सगळं टोरांटो दिसेल. आमच्या इटलीत, कलाब्रियात, जेवताना घर फिरायला लागलं तर माणसाला उचलून झोपवतात.

माझा नवरा नुन्झिओ त्याच टॉवरच्या टोकावर कामाला, आणि बारमध्ये राजा. "वर असा वारा, की थुंकलं तर पार पलीकडच्या हॅमिल्टन शहरात पडतं!" सगळे हसतात, त्याला पाजतात. शेजारची इमाकुलाता मला म्हणते, "असुंता, तू नशीबवान गं!" नशीबवान! माझा भाऊ चर्चच्या परांचीवरून पडून गेला, तोही अशाच छान गप्पा मारायचा.

नाताळात हात जोडले होते. "खालचं काम माग." तर अंगावर आला — "मी काय हमाल आहे? उद्या लोक मला हसतील!"

मला भीती वाटते. लिहून टाकलं एकदाचं.

८ मार्च

रेडिओवर दिवसभर टॉवर. बंद केला.

१२ मार्च

नुन्झिओच्या बुटांना घोट्यापर्यंत चिखल. विचारलं, "एवढ्या उंचीवर चिखल कुठून आला रे?"

"ढगातून!" म्हणाला, आणि उगाच जास्त हसला.

आणखी एक. मागच्या थंडीत नुसता पाव आणि सॉसेज न्यायचा. वर हातमोजे काढता येत नाहीत, काटा धरणार कसा? आता रोज सॉसचा गरम पास्ता मागतो. काटा चाटूनपुसून परत येतो. टॉवरवर काय टेबल मांडतात का?

१९ मार्च, संत जोसेफचा दिवस

सुतारांचा संत. आज दार उघडं ठेवायचं, येईल त्याला जेवू घालायचं. नुन्झिओचा मुकादम वितालियानो आला. भला माणूस, पण खाताना तोंडाला खीळ नाही. नुन्झिओ तळघरात वाइन काढायला गेला होता.

"वहिनी, हा खाली आहे म्हणून वरची माणसं निर्धास्त असतात. हेलिकॉप्टरला ओझं याच्यासारखं कुणी बांधत नाही."

"खाली?"

"जानेवारीपासून नाही का! त्या दिवशी वर कठड्याला मिठी मारून बसला तो उठेचना. दोघांनी धरून आणला. होतं असं, भल्याभल्यांचं होतं. तुला बोलला असेलच."

"बोलला की," म्हटलं, आणि त्याच्या ताटात आणखी चणे वाढले.

नुन्झिओ वर आला. आमची तोंडं बघून त्याला कळलं. जेवणभर मान वर केली नाही.

२० मार्च

थापाड्या! तीन महिने मी रोज संध्याकाळी फाटकाचा आवाज येईपर्यंत जीव मुठीत धरून बसते, आणि हा खाली चिखलात उभा! खाली! जमिनीवर! चर्चमध्ये मेणबत्त्या लावून जे मागितलं ते कधीच मिळालं होतं, आणि हा मला सांगेना. लोक हसतील म्हणून.

नळ सोडून रडले. आनंदानेच.

त्याचे चिखलाचे बूट मागच्या दारी धुतले. पुढच्या पायरीवर इमाकुलाताची नजर असते.

२ एप्रिल

शेवटचा तुकडा बसला. आज मीही रस्त्यावर गेले. टॉवर तसाच आहे, काठीच. इमाकुलाता डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "यात तुझा नवरा कुठंय गं?"

मी बोट थेट टोकावर नेलं. "तो काय — सगळ्यात वर!"