जेवून आलेले पाहुणे

मंगळवार, ता. ११

यंदा सणाचं जेवण आपल्याकडे! ह्यांनी बहिणीला परस्पर सांगून टाकलं आणि फोन ठेवल्यावर मला विचारलं, "जमेल ना?"

गेल्या खेपेला मी नेहमीसारखे माणशी एक मूठ तांदूळ घेतले आणि भात कमी पडला. तेव्हापासून धाकट्या भावजींचं एकच पालुपद — "वहिनींच्या घरून मुंगीसुद्धा उपाशी परत जाते." वन्सं हसतात. हेही हसतात. पै-पै धरून ठेवली म्हणून घर उभं आहे, ते कुणी बोलत नाही.

यंदा पुरून उरेल इतकं करणार. देवा, एवढ्या वेळी नाव राख.

गुरुवार, ता. १३

गॅस आजच संपायचा होता. माळ्यावरचं मोठं पातेलं काढून द्या म्हणून ह्यांना तीनदा सांगितलं. "काढतो गं." शेवटी स्टुलावर मीच चढले. कंबर धरली ती धरलीच.

वाण्याने विचारलं, "ताई, घरात लग्न आहे की काय?" टोमणे मारण्यात तोही आमच्यांतलाच!

शनिवार, ता. १५

पडदे वाळत नाहीत. देवापुढे बसले तरी डोक्यात कांदेच. सण माणसांसाठी असतो की माणसं सणासाठी?

रविवार, ता. १६

पहाटेपासून उभी. देवापुढे पान ठेवलं आणि मग सगळ्यांना बसवलं. वन्संनी चार घास खाल्ले. त्यांच्या यजमानांनी भात बोटाने इकडून तिकडे सारला. भावजींनी दुसऱ्याच घासाला ढेकर दिली. मी आग्रह करते तर सगळे ताटावर हात आडवा धरतात. हे खाली मान घालून.

शेवटी वन्संची लेक म्हणाली, "मामी, खरंच नको. आम्ही घरून जेवून आलोय."

वन्संनी तिला कोपराने ढोसलं. उशीर झाला होता.

मी आत आले. पातेलं गळ्यापर्यंत भरलेलं. रडू आलं नाही, संताप आला. आमच्याकडे एकटा देव तेवढा उपाशी आला असेल! ही वन्संचीच अक्कल, दुसऱ्या कुणाची नाही. भांडी आपटली. बाहेर ऐकू जावं अशीच आपटली.

कुणी उठून जाईना. पत्त्यांचा डाव बसला. दिवेलागणीला भावजी चोरपावलांनी आत आले, झाकण उचललं. "वहिनी, जरासा थंड भात?" मी भात वाढायचा डाव पुढे केला. मागोमाग वन्संची लेक, मग वन्सं, मग त्यांचे यजमान. फरशीवरच बसले सगळे, निम्म्यांना ताटंही नाहीत. पातेल्याचा तळ खरवडताना दोघांची भांडणं.

"मुंगी आज हत्ती होऊन जाणार," भावजी म्हणाले. मला हसू आवरेना. कंबर दुखत होती, तरी उठावंसं वाटेना. कुणी किती खाल्लं, आज मोजलंच नाही.

सोमवार, ता. १७

वन्संचा फोन. मी जरा ताठच बोलले. तर म्हणतात, "अगं वहिनी, दादानेच सगळ्यांना फोन केला होता. थोडं खाऊन या, यंदा पुन्हा कमी पडलं तर ती मनाला लावून घेईल, म्हणाला."

संध्याकाळी हे फिरायला निघाले. मी दारातूनच सांगितलं, "येताना जेवूनच या."

चेहरा बघण्यासारखा झाला होता. तांदूळ मात्र एक मूठ जास्तच टाकलेत.