मैनाचा पाय

पुणे, २० फेब्रुवारी १९७३

प्रिय हेमा,

आज मी इतकी हरखले आहे, की घरी येताच चहाही न घेता तुला लिहायला बसले. मैना आज आपल्या दोन्ही पायांनी चालत हॉस्पिटलातून घरी गेली.

मैना मुंढव्याच्या शेतकरी घरातली, सोळा वर्षांची, खो-खो खेळणारी. मांडीत टणक गाठ; महिन्याभरात लिंबाएवढीची पेरूएवढी झालेली. एक्स-रेत हाडाजवळ ढगासारखी सावली. गाठीचा तुकडा तपासायला माझ्याकडे आला. काचपट्टीवर ठेवून मायक्रोस्कोपखाली पाहिला, तर पेशी दाटीवाटीने वाढत होत्या. कुणीही कॅन्सर म्हटलं असतं. आमचे सर्जन श्यामसुंदर यांनी पाय कापायचा दिवसही ठरवला होता, फक्त कॅन्सरच्या रिपोर्टावर माझी सही राहिली होती. पण पेशी पुष्कळ असल्या तरी एकसारख्या होत्या, वेड्यावाकड्या नव्हत्या. सही करवेना.

मग मी कधी करत नाही ते केलं. उठून वॉर्डात गेले आणि मैनाला विचारलं, इथे मार लागला होता का? ती म्हणाली, "खांबावर आपटले व्हते. दीड महिना झाला. कुनी इचारलंच न्हाई."

मार बसलेल्या स्नायूत कधीकधी हाड धरतं, आणि सुरुवातीला ते थेट कॅन्सरसारखं दिसतं. फरक एवढाच, की ते कडेने आधी पक्कं होतं. कॅन्सरमध्ये बहुधा उलटं. माझ्याकडचा तुकडा तर नेमका मधला होता, त्यावरून ठरवता येईना. कड एक्स-रेत दिसेपर्यंत थांबायला मी तीन आठवडे मागितले. श्यामसुंदर म्हणाले, "बाई, आपण काच बघता, मी माणूस बघतो." मी म्हटलं, "मग तिला मार लागला होता, हे आपल्याला माहीत असेलच." ते थांबायला तयार झाले. मी चुकले असते तर तेवढ्यात तो रोग फुफ्फुसात गेला असता. तिचे वडील, गेनबा, रोज माझ्या दाराशी येऊन माझा चेहरा बघून जात. हेमा, ते दिवस फार वाईट गेले.

आज नवा एक्स-रे आला. गाठीभोवती अंड्याच्या कवचासारखी हाडाची स्वच्छ कड, मांडीच्या हाडापासून अगदी वेगळी. श्यामसुंदरांनी तो उजेडाला धरून बराच वेळ पाहिला, ऑपरेशनचा कागद फाडला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी मीच विचारीन." गेनबांनी तर सगळ्यांना हात जोडले. मला मात्र पोरीसारखं जिन्यावरून पळत सुटावंसं वाटलं.

आता ऐक. तुझ्या माधवरावांचं पत्र आलंय. तुझ्याही मांडीत खोलवर गाठ आहे, दिवाळीपासून वाढतेय, दुखत नाही म्हणून तू कुणाला दाखवत नाहीस. न दुखणारी गाठ साधीच असते असं नाही, आणि वाढणारी वाईटच असते असंही नाही. पुष्कळशा नुसत्या चरबीच्या निघतात. पण हे सांगलीत बसून घाबरल्याने कळत नाही, बघावं लागतं. वाईट निघाली तरी वेळेत ओळखलेली काढता येते. शुक्रवारी ये. मी स्टेशनवर उभी असेन, आणि तुझ्या गाठीची काचपट्टी माझ्याशिवाय कुणी पहिली बघणार नाही.

तुझी वाट बघणारी,
तुझीच नीरजा