कपाटातले आकडे

ता. ३
सामान सुखरूप पोचलं. खाट एक, गाद्या दोन, शेगडी, डबे सोळा (एकाचं झाकण वाटेत गेलं), देवांची पेटी. हमाली सत्तर सांगितली, पासष्टला तुटली. ह्यांना हृदयाचा झटका येऊन आज नऊ दिवस. इस्पितळातून सोडलं, पण महिनाभर जवळच राहा म्हणाले, म्हणून चार इमारती अलीकडे या दोन खोल्या घेतल्या. उजेड भरपूर. हे म्हणाले, बायको जुनीच, घर तरी नवं मिळालं. जिभेला धार आली म्हणजे माणूस सुधारतोय. ओळखीचं कुणी नाही. देव आहे.

ता. ५
डॉक्टरांनी नीट समजावलं. झटक्यात हृदयाचा एक तुकडा मेला. तो साफ करायला शरीर आतून दाह पेटवतं, गवंडी पडकी भिंत काढतो तसं. मात्र गवंडी वेळेत थांबला नाही तर धड भिंतीलाही हात घालतो. तो किती जोरात कामाला लागलाय ते रक्तातल्या सीआरपीच्या आकड्यावरून कळतं. दर तीन दिवसांनी रक्तवाला घरी येणार. आज अठ्ठेचाळीस. पाचाच्या खाली आला की सुटलो. वहीत दुधाच्या हिशोबाखाली मांडून ठेवला.

ता. ८
एकतीस. देव पावला.
स्वयंपाकघरातल्या कपाटाचा कागद बदलायला घेतला. मागच्या भिंतीवर पेन्सिलीने कुणीतरी तारखा आणि आकडे मांडलेत, बायकी अक्षर. ५ – ४८. ८ – ३१. पुढेही काही आहेत. हसूच आलं. मालकीणबाई म्हणाल्या, आधीची भाडेकरीणही इस्पितळवालीच, तुमच्यासारखीच टापटिपीची. आली दोघं, गेली एकटी. भिंतीच्या खालच्या भागाला चिकटवलेला कागद अजून चांगला होता, तो तसाच ठेवला. उगाच नवा कशाला.

ता. ११
एकोणीस. भिंतीवरही एकोणीस. ह्यांना सांगितलं नाही.
दुपारी कपाटात खरखर ऐकू आली, चामड्यावर चामडं घासावं तशी. उंदीर असेल. पिंजरा लावला.

ता. १४
भिंतीवर चाळीस आहे. सकाळपासून जप केला की चुकू दे. रक्तवाल्याने संध्याकाळी कागद दिला. चाळीस.
ह्यांना कणकण आहे. आडवं पडलं की छातीत दुखतं, पुढे वाकून बसलं की बरं वाटतं. आता थट्टा करत नाहीत.
पिंजरा रिकामा.

ता. १७
पंच्याऐंशी. भिंतीवर तेच, आणि तिथेच कागद सुरू होतो.
डॉक्टर म्हणाले हृदयाच्या आवरणाला सूज आहे. गोळ्या वाढवल्या. आवरणात पाणी साठलं तर तातडीने काढावं लागेल, ते पुढच्या आकड्यावर ठरवू, वीस तारखेचं रक्त चुकवू नका.
वीस तारीख कागदाखाली आहे. मी काढणार नाही.

ता. १८
ह्यांच्या छातीला कान लावला. खरखर. कपाटातली तीच.
दादाला पत्र लिहायला बसले. काय लिहू? भिंत आकडे आधीच सांगते म्हणून? वहिनी हसेल. फाडलं.

ता. २०, सकाळ
रक्तवाला दारात आला. मी सांगितलं, इस्पितळातूनच नको म्हणालेत. तो गेला. आयुष्यात पहिल्यांदा इतकं सरळ खोटं बोलले. पण रक्तच दिलं नाही तर आकडा येणार कुठून – भिंतीवर काय असेल ते खोटं ठरेल –
हे पुढे वाकून बसलेत. ओठ निळसर.

दुपार
कागद ओढून काढला.
२० – रक्त दिलं नाही.
खाली काही नाही. कोरी भिंत.
तिनेही –
मालकीणबाईंना डॉक्टरांकडे पळवलंय. जाता जाता त्या आधीच्या भाडेकरणीचा पत्ता ठेवून गेल्या, मीच मागितला. हे माझा हात सोडत नाहीत. वही मांडीवर, डाव्या हाताने लिहितेय. छातीला कान लावला. खरखर थांबलीय. कपाटातलीही. हृदयाचा आवाज लांबून, पाण्याखालून यावा तसा –

बाई, आपली ओळख नाही. मी तुमच्याच खोलीत आहे. तुम्ही केलंत तेच मी केलं. त्या दिवशी तुमच्या हातात किती वेळ उरला होता, डॉक्टर वेळेत येऊ शकले असते का, एवढंच मला उलट टपाली कळ