थोडं मोठं दिसेल

प्रिय मेहुणेराव यांस,

दाजींचा सप्रेम नमस्कार. इकडे देवाच्या कृपेने आम्ही सगळे बरे आहोत, तिकडे तुम्ही सगळे तसेच असाल असं धरून चालतो. तुमची ती संध्याकाळची डोकेदुखी कमी झाली का, तेवढं मात्र आठवणीने कळवा. (अक्षर या वेळी एवढं मोठं का काढलं आहे, असं तुमच्या मनात येईल. कारण शेवटी सांगतो. आणि फोन न करता पत्र का, तर फोनवर तुम्ही माझं पहिलं वाक्य संपायच्या आत "रिस्टार्ट करून बघा" म्हणता. पत्राला रिस्टार्ट करता येत नाही.)

गेल्या सोमवारी सकाळी दुकान उघडण्याआधी मी हातात फूटपट्टी घेऊन कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर गुडघे टेकून बसलो होतो. तुमची ताई डबा द्यायला आली आणि दारातच थबकली. "आता यालाही हात जोडायला लागलात?" म्हणाली. मी म्हटलं, मोजतोय. तिने डबा काउंटरवर ठेवला आणि "मोजा, मोजा" म्हणून निघून गेली. आमचा संसार असाच समजूतदारपणावर चालला आहे. पण मी का मोजत होतो, हे कळायला तुमच्या मागच्या भेटीपर्यंत मागे जावं लागेल.

तुम्ही आलात, जेवलात, आणि दुकानात येऊन म्हणालात, "दाजी, तुमच्या कॉम्प्युटरमधलं लिनक्स फार जुनं झालंय, अपग्रेड करून टाकू." ते जुनं होतं हे खरं, पण चालत होतं. (माझा चष्माही जुना आहे. चालत्या गोष्टीला हात लावू नये असं मला नेहमी वाटतं, पण मेहुण्याला नाही म्हणू नये असंही वाटतं, आणि या दोहोंत दुसरंच जिंकतं.) अपग्रेड झालं, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, तर पडदा काळा ठिक्कर. वरच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ तेवढी मिणमिणत होती, देवघरातली वात विझायच्या आधी मिणमिणते तशी. तुमचा चेहराही साधारण त्याच रंगाचा झाला. मग तुम्ही काहीबाही खटपट केलीत, सुरुवातीच्या यादीत शिरून एका ओळीच्या शेवटी एक शब्द लिहिलात आणि मला म्हणालात, रोज चालू करताना हा लिहायचा, नोमोडसेट. मला त्यातलं पहिलं 'नमो' तेवढं ऐकू आलं. मी हात जोडणारच होतो.

शब्द लिहिला आणि पडदा उजळला. तुम्ही समोरच्या खुर्चीत बसलात, डोळे तपासायचा अक्षरतक्ता पडद्यावर लावायला सांगितलात, आणि शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचून दाखवलंत. "बघा दाजी, एक नंबर. थोडं मोठं दिसेल, तेवढं चालवून घ्या. पुढच्या वेळी आलो की पडद्याचा ड्रायव्हर टाकतो." एवढं बोलून तुम्ही गाडी काढलीत आणि गेलात.

मेहुणेराव, किराणा मालाच्या दुकानात, वकिलाच्या ऑफिसात, कुठेही 'थोडं मोठं दिसेल' हे चालून गेलं असतं. चष्म्याच्या दुकानात ते चालत नाही, हे आपल्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात येऊ नये, याला मी दैव म्हणतो. तुमची ताई दुसरा शब्द वापरते.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी उदबत्ती लावायचो, मग नोमोडसेट लिहायचो, आणि गिऱ्हाइकांचे डोळे सुधारू लागले. ज्याला तिसरी ओळ दिसत नसे तो पाचवी वाचायचा. लोकांचे नंबर उतरले, काहींचे तर गेलेच. मी त्यांना खरं ते सांगत होतो (मला खरं वाटत होतं ते), की तुम्हाला चष्म्याची गरज नाही. चष्मेवाला चष्मा नको म्हणतो ही बातमी सगळ्या बाजारात पसरली आणि फक्त 'नको' ऐकायला लोक येऊ लागले. मी रोज संध्याकाळी देवाचे आभार मानत होतो. त्याने ते निमूटपणे ऐकून घेतले, एवढं खरं.

त्याच दिवसांत आपले नाना दुकानात आले. तुम्हाला ठाऊक आहे की मोतीबिंदू पिकला आहे, ऑपरेशन करा असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्यांनी स्कूटरवर चादर टाकली होती आणि ऑपरेशनचा विषय निघाला की ते उठून पाणी प्यायला जात. त्यांनी तुमच्याच खुर्चीत बसून वरून चार ओळी न अडखळता वाचल्या. दर महिन्याला ते दुसऱ्या ओळीवर अडकायचे. "सकाळी गार पाणी मारतो ना डोळ्यांवर," म्हणाले. मग शेजाऱ्यांना, आणि मुद्दाम मला ऐकू जाईल अशा बेताने, "आमच्या जावयाला यातलं कळतं हो." मेहुणेराव, लग्न झाल्यापासून तुमच्या वडिलांनी माझ्या धंद्याचा उल्लेख 'काचा विकतात' यापलीकडे कधी केला नव्हता. मी त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी चादर निघाली आणि नाना स्कूटरवर बसले. आठवड्याभरात त्यांनी चौकातल्या टपालपेटीला "काय वहिनी, बऱ्या आहात ना?" असं विचारलं आणि उत्तर आलं नाही म्हणून शेजारच्या वहिनी हल्ली शिष्ट झाल्या आहेत अशी घरी तक्रार केली. आम्ही हसलो.

डोळे उघडले ते शाळेतल्या बाईंनी. मी त्यांचा नंबर उतरवून दिला होता. रस्त्यात भेटल्या तर खुशीत म्हणाल्या, "तुमचा नवा चष्मा लागल्यापासून मागच्या बाकावरची मुलं फार शहाणी झालीत. कुणाचं तोंड हलताना दिसत नाही." आता मी गावच्या शाळेत मागच्याच बाकावर शिकलेला माणूस. फळा दिसत नव्हता, तसं म्हणायची सोयही नव्हती, शेजाऱ्याच्या पाटीत बघून अभ्यास केला. मागच्या बाकावरची तोंडं कुठल्याही चष्म्याने हलायची थांबत नाहीत, एवढं मला कळतं. रात्रभर झोप आली नाही आणि सकाळ झाली ती फूटपट्टी घेऊनच.

अक्षर बोटाच्या पेराएवढं असायला हवं होतं. ते जवळजवळ दुप्पट होतं. सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं तर पडद्याचा आकार एकच, जाडाभरडा, दुसरा निवडायची सोयच नाही. तुमच्या त्या शब्दाने यंत्राला सांगितलं होतं की बाबा, बारीक काही काढू नकोस, ढोबळ तेवढं दाखव. ते बिचारं सांगितल्याप्रमाणे वागत होतं. सुधारलं कुणाचंच काही नव्हतं.

तेव्हा दोन ड्रायव्हर बदलणं भाग होतं, एक कॉम्प्युटरमधला आणि एक स्कूटरवरचा. पहिला सोपा निघाला. 'अतिरिक्त ड्रायव्हर' नावाची एक खिडकी सापडली, त्यात एक ओळ निवडली, वाट पाहिली, आणि देवाचं नाव घेऊन कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, या वेळी तो शब्द न लिहिता. पडदा आला. अक्षरं मुंग्यांसारखी बारीक आणि नीटस. मी स्वतः खुर्चीत बसलो आणि काल वाचलेल्या ओळीत मला आज मुंग्याच दिसल्या.

बाई आणि बाकीची गिऱ्हाइकं मी परत बोलावली, माफी मागितली, काचा बदलून दिल्या. ते जमलं. नानांना सांगायचं मात्र राहिलं. दोन दिवस मी घरात शिरताना आधी स्कूटर जागेवर आहे का बघायचो आणि मग गप्प बसायचो. 'कळतं हो' हे दोन शब्द सोडवत नव्हते. तिसऱ्या दिवशी नाना घरी आले ते स्कूटरचा आरसा वाकवून. "म्हैस आडवी आली," म्हणाले. ताई म्हणाली, तो पलीकडच्यांचा पाण्याचा टँकर होता, उभा.

मग मी त्यांना दुकानात नेलं, खुर्चीत बसवलं आणि खरा तक्ता लावला. दुसऱ्या ओळीवर ते थांबले. मग अक्षरं मोठी करून दाखवली, पुन्हा लहान केली, आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे माझे डोळे सुधारले नव्हते?"

"नाही, नाना. पडदा बिघडला होता."

"हं. अक्षरं मोठी करता येतात. रस्ता नाही करता येत?"

"नाही येत."

"मग काय उपयोग तुमच्या मशीनचा," म्हणाले, आणि खिशातून स्कूटरची किल्ली काढून माझ्यापुढे धरली. मी ती घेतली. आता ती माझ्या गल्ल्यात, एका रिकाम्या चष्म्याच्या घरात आहे.

तुमचा,
दाजी

ता. क. : नाना ऑपरेशनला तयार झाले आहेत. पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सकाळी आहे. त्यांची एकच अट आहे, मुलगा जवळ हवा. "एकदा त्यानेच बरे केले होते माझे डोळे," म्हणतात, आणि हसतात. मी रजा काढायला सांगतो आहे, हे तुम्ही ओळखलंच असेल.

आणखी ता. क. : त्या बिघडलेल्या पडद्यासमोर सगळ्यात आधी कोण बसलं होतं, हे मला काल काचा पुसताना आठवलं. शेवटची ओळ धडाधड वाचलीत, पण ती खरी शेवटची नव्हतीच. संध्याकाळची डोकेदुखी मी का विचारली आणि अक्षर एवढं मोठं का काढलं, ते आता कळलं असेल. येताना बसने या. गाडी काढू नका.