कारभारींच्या शेजारची सीट

तीर्थरूप शामूमामांस,

भिंगारहून अवधूतचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जी अंगं वाकत नाहीत ती मनाने वाकली असं समजावं). मामींचा गुडघा कसा आहे? बेलापुरात थंडी ओसरली का? तुमच्या परसातल्या लिंबाने यंदा चांगला बहर धरला, असं आईकडून कळलं. इकडे सगळे खुशाल. सुचित्रा बरी आहे. मीही बरा आहे, फक्त परत आल्यापासून पाय जमिनीला लागल्यासारखे वाटत नाहीत. त्याचीच हकिगत लिहायची आहे. (फोनवर सांगितली असती, पण आमच्या घरात फोनवर बोललेलं स्वयंपाकघरात जास्त स्पष्ट ऐकू येतं.)

सासरे गेले आणि त्यांचे ट्रक आमच्याकडे आले, हे तुम्हाला माहीत आहेच. हिशेब सुचित्रा बघते, आणि ड्रायव्हर मंडळींना सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. का आलं, ते मला अजून कळलेलं नाही. आयुष्यभर मी वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारले. पुस्तकं परत येतात एवढाच माझा अनुभव, आणि ड्रायव्हर तर गेले की येतच नव्हते. दिवाळीत एक गेला, संक्रांतीला दुसरा. मग मी मोबाईलवर माणसं टिकवण्याबद्दलची व्याख्यानं ऐकली. त्यातल्या एका गृहस्थाचं म्हणणं असं की माणसाला कौतुक हवं असतं. मला ते पटलं. आमच्या बन्सी ड्रायव्हरचा मोठा फोटो काढून, छान फ्रेम करून ऑफिसात लावला, खाली ‘आमचा आदर्श चालक’ असं लिहिलं आणि वर चंदनाचा हार घातला. दुसऱ्याच दिवशी त्याची सासू साळूबाई जावयाची चौकशी करायला आली. तिला वाचता येत नाही, पण हार दिसतो. तिने दारातच जो हंबरडा फोडला, त्याने समोरचा सायकलवाला आणि त्याच्यामागे आख्खी गल्ली गोळा झाली. बन्सी त्या वेळी सोलापूरजवळ भजी खात होता. परत आल्यावर त्याने किल्ली ठेवली आणि म्हणाला, जिथं आपल्याला एकदा पोचवून झालंय तिथं पुन्हा काम करणं घरच्यांना बरं वाटत नाही.

मग दुसरं व्याख्यान ऐकून मी गाड्यांना जीपीएस बसवलं. मामा, ते फार सुंदर असतं. मोबाईलच्या पडद्यावर एक निळा ठिपका हळूहळू सरकत असतो, आणि आपण चहा घेत बघत बसावं. मात्र ठिपका थांबला की माझा जीव खालीवर होई. मग मी फोन करी. का थांबलास? टायर? चहा? कशाला? (हे मी प्रेमाने विचारत असे, पण फोनमधून प्रेम नीट जात नसावं.) महिनाभरात कारभारी ऑफिसात आले. कारभारी म्हणजे सासऱ्यांच्या वेळचे ड्रायव्हर, पाथर्डीकडचे, मिशा पांढऱ्या, बोलणं कमी. ते उभ्यानेच म्हणाले की ही बंगळूरची खेप झाली की आपण थांबणार. ते गेल्यावर सुचित्राने हिशेबाची वही मिटली. मग म्हणाली, कारभारीकाका गेले की बाकीचेही जातील आणि बाबांच्या गाड्या विकाव्या लागतील. तूच त्यांच्याबरोबर जा आणि काय बिनसलंय ते विचार.

म्हणून नेप्तीच्या बाजारातून कांदा भरून निघालेल्या ट्रकमध्ये, कारभारींच्या शेजारच्या सीटवर मी चढलो. (चढलो म्हणजे हमालांनी खालून ढकललं.) आणि मामा, तिथेच माझं काहीतरी झालं. ट्रकची केबिन उंच असते हे आपल्याला माहीत असतं, पण ते किती उंच, हे आत बसल्याशिवाय कळत नाही. कंपाउंडच्या भिंतींच्या आतलं दिसतं. गच्चीवर पापड उलटणारी बाई दिसते, आणि ती वर बघून आपल्याकडे हसते. करमाळ्यापर्यंत दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती आणि आम्ही तिच्या कणसांवरून तरंगत चाललो होतो. काचेला कारभारींच्या बायकोने, मनकर्णाबाईंनी, शिवलेली झालर लावलेली होती. तिचे लाल गोंडे एका तालात हलत होते. मागून कांद्याचा वास, खालून इंजिनाची ऊब. कुणी मला काही विचारत नव्हतं. कामातल्या समाधानाबद्दलचे प्रश्न मी व्याख्यानांतून घेऊन घोटून पाठ केले होते, ते एकेक करून खिडकीतून उडून गेले. एक तेवढा राहिला होता, तो मी टेंभुर्णीच्या पुढे विचारला, की कारभारी, तुमच्या मते समाधान म्हणजे काय? त्यांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले, लोखंडी कांब, म्हणजे टॉमी, सगळ्या टायरांवर मारून हवेचा आवाज ऐकला, वर आले आणि गाडी चालू केली. हे उत्तर होतं की नाही, याचा विचार करता करता विजापूर आलं.

विजापूरच्या पुढे एका ढाब्यावर जेवायला थांबलो. मागे सूर्यफुलांचं शेत होतं. एवढी सगळी तोंडं एकाच दिशेला बघताहेत म्हटल्यावर काय बघताहेत ते पाहायला मी आत गेलो. बांधावर सावली होती. जरा टेकलो. पुढचं आठवतं ते असं की मी ठिपका झालो होतो, निळा, आणि कुठल्याशा मोठ्या पिवळ्या नकाशावरून कुणाच्याही परवानगीशिवाय सरकत होतो. डोळे उघडले तर कारभारी डोक्याशी उभे, हातात माझा फोन, चेहरा उतरलेला. मी केबिनमध्ये फोन विसरलो होतो. घरी पडद्यावर ट्रकचा ठिपका हलेना म्हणून सुचित्राने फोनांवर फोन केले, शेवटी कारभारींनी उचलला आणि खरं तेच सांगितलं, की मालक शेतात झोपले हायत. तिला ते पटलं नाही. असल्या सबबी वडिलांच्या वेळी तुम्ही कधी सांगत नव्हतात, असं ती त्यांना म्हणाली. मी लगेच तिला फोन करून माझी झोप कबूल केली. पण कारभारींचा चेहरा तसाच राहिला. बाजेवर चहा घेताना या वेळी मी काहीच विचारलं नाही. मग तेच बोलले.

“मालक, गाडी का थांबली म्हनून मोठे मालक कधी इचारत नव्हते. ते इचारायचे, जेवला का.”

त्यांनी बशीतला चहा संपवला.

“आनि एक. मनकर्णा इचारती, येनार कधी? मी म्हनतो, मालकाला ठावं. ती म्हनती, मंग मालकालाच वाढते. लगीन न्हाई, सन न्हाई, मला उगाच घरी बसायचं असतंय. पन कोनत्या दिशी, ते आधी कळाया पाहिजे.”

एवढं बोलून त्यांनी बशी धुऊन ठेवली. त्यानंतर चित्रदुर्गापर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही, आणि तशी छान शांतता मी लग्नानंतर अनुभवलेली नाही. (हे वाक्य मामींना वाचून दाखवू नये.) बंगळूरला कांदा उतरवायच्या जागी रखवालदाराने आम्हाला सावलीतून उठवलं. मी मालक आहे असं सांगणार होतो, पण त्याने मला ‘ए क्लीनर’ म्हटलं आणि मला ते इतकं आवडलं की मी मुकाट्याने उन्हात जाऊन बसलो. कारभारींनी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. आपण त्यांना वर्षानुवर्षं कुठे कुठे असं उन्हात बसवलं असेल, हे मनात आलं आणि तेवढा वेळ आवडणं जरा थांबलं.

परत आल्यावर सुचित्रा स्वतः पाथर्डीला गेली आणि कारभारींची माफी मागून आली. आता कोण कोणत्या दिवशी घरी असणार ते ती महिन्याच्या सुरुवातीलाच सांगते आणि त्यात बदल करत नाही. ज्याची गाडी त्याच्याच हातात राहते. गाडी चालू असताना कुणी फोन करायचा नाही, आणि ती थांबली तर जेवणापलीकडे काही विचारायचं नाही. बन्सी परत आला (फोटो त्याच्या सासूने नेला, हार इथे ठेवून). कारभारी राहिले. धंदा उभा आहे. सगळं तुमच्या आशीर्वादाने.

मामींना नमस्कार.

आपला,
अवधूत

ता. क. कारभारी राहिले, पण एका अटीवर. मी पुन्हा त्यांच्या गाडीत बसायचं नाही. त्यांनी हे मला नाही, सुचित्राला सांगितलं. मालक मनाचे चांगले हायत, पण झोपेत ब्रेक दाबतात, आणि दर वेळी आपला पाय पण आपसूक ब्रेकवर जातो, असं म्हणाले. बाकीच्यांनीही तीच अट घातली आहे. आमच्याकडची माणसं आता अगदी समाधानी आहेत.

ता. क. २. खरं म्हणजे पत्र लिहायचं कारण असं की तुमच्या शेजारच्या अमृत पाटलांचा ट्रक साखर घेऊन लांब जातो असं ऐकलं. त्यांना क्लीनर हवा आहे का? मी कमी जेवतो, काच चांगली पुसतो, पगार नको. माझे स्वतःचे ट्रक आहेत हे त्यांना सांगू नका, गैरसमज होईल.

ता. क. ३. सुचित्राला यातलं काही माहीत नाही, म्हणून उत्तर लिहू नका. पाटील हो म्हणाले, तर इथे फक्त एवढाच फोन करा की मामांची तब्येत बरी नाही, अवधूतला पाठवून द्या. मी तासाभरात निघेन. नाही म्हणाले, तर उगाच आजारी पडू नका.