दुपारच्या झोपेच्या बदल्यात

प्रिय मोटीबेन,

हे पत्र तुझ्या भावजयीच्या, चेतनाच्या, हातून तुला मिळेल. पाकीट फोडण्यापूर्वी खुर्चीवर नीट टेकून बसावेस आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचावेस, एवढी विनंती आहे. हे सारे फोनवर सांगता आले असते. परंतु फोनवर तू माझे एकही वाक्य पूर्ण होऊ देत नाहीस, आणि या पत्रातले प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याच्या खांद्यावर उभे आहे. मधले एखादे गळले तर तू शेवटाचा भलताच अर्थ लावशील. चेतनाला मी बजावले आहे की तुझे वाचून होईपर्यंत तिने स्वयंपाकघरात थांबावे आणि तुझ्या प्रश्नांना उत्तरे देऊ नयेत. तिला ते कितपत साधेल याची मला शंकाच आहे.

फाल्गुनात अहमदाबादच्या डॉक्टरांनी मला परत पाठवले, ते तुला ठाऊक आहे. तुझी दोन्ही मूत्रपिंडे थकली, दिवसाआड भावनगरच्या दवाखान्यात यंत्राशेजारी पडून राहणे तुझ्या नशिबी आले, दाजींना मधुमेह, तुझ्या लेकाचा, निकुंजचा, रक्तगट वेगळा, मूत्रपिंड द्यायला उरलो मी, तुझा धाकटा भाऊ. माझे रक्त जुळले, पण वजन, रक्तदाब आणि साखर या तिघांनी मिळून मला बाद केले. त्या संध्याकाळी तुला फोन केला तेव्हा तुझ्या आवाजात केवढी मोकळीक होती! तू म्हणालीस, “चला, देवानंच वाचवलं तुला. ज्याला कडेवर घेऊन गावभर फिरले, त्याच्या अंगातलं काढून घेऊन मी जगू होय रे? विषय संपला. आता चेतनाला फोन दे.” मी चेतनाला फोन दिला.

डॉक्टर मात्र तेवढेच बोलून थांबले नव्हते. मी दारापर्यंत पोहोचलो तेव्हा त्यांनी मागून म्हटले होते, “जयसुखभाई, मी ‘नाही’ म्हटलेलं नाही, ‘आज नाही’ म्हटलंय. अंग सुधारून आणा, पुन्हा तपासू. उपाशी राहून नाही, पावडरी खाऊन नाही. रोज घाम गाळून.” हे तुला सांगितले असते तर तू मला शपथ घातली असतीस, आणि तुझी शपथ मोडण्याइतका मी अजून मोठा झालेलो नाही. शिवाय मला जमले नसते तर तुला विनाकारण आशेला टांगून ठेवल्यासारखे झाले असते. म्हणून मी मौन पाळले.

आता वेळेचा प्रश्न. माझा दिवस तू पाहिला आहेस. सकाळी दात घासून होत नाहीत तोच पटेल पंपवाले करखात्याची नोटीस घेऊन ओट्यावर बसलेले असतात. कर भरण्याची मुदत जवळ आली की रात्रीचे जेवणसुद्धा ऑफिसातल्या टेबलावरच होते. आमच्या राजकोटात माणसाच्या मालकीचा म्हणावा असा एकच काळ आहे, आणि तो म्हणजे दुपारची झोप. दुपारी गाव शटर ओढते, पंखा लावते आणि आडवे होते. त्या वेळात राजकोटात कोणी कोणाला फोन करत नाही, मग तो सख्खा व्याही का असेना. ही झोप मी नोकरीत असताना सोडली नाही, लग्नाच्या दिवशी सोडली नाही. तीच आता सोडायची असे मी ठरवले, आणि जेवून उठल्यावर ऑफिसजवळच्या व्यायामशाळेचा जिना चढलो.

व्यायामशाळाही झोपलेली होती! काच ठोठावली तेव्हा आतून एक सहा फुटी देह उठला. वजने उचलण्यासाठी जे बाक असते, त्याच बाकावर उशी घेऊन मालक निजले होते. दिग्विजयसिंह त्यांचे नाव. दरबार, म्हणजे राजपूत, असल्यामुळे सगळे त्यांना बापू म्हणतात. मिशीला पीळ, डोळ्यांत झोप. त्यांनी मला आपादमस्तक पाहिले आणि म्हणाले, “काका, दुपारी या गावात दोघंच जागे असतात. एक चोर, आणि दुसरा ज्याची म्हैस विते आहे तो. तुम्ही कोण?” मी म्हणालो, “मी करसल्लागार आहे.” “म्हणजे पहिले,” असे म्हणून ते पुन्हा आडवे झाले. मी तिथेच उभा राहून, तुझे नाव घेऊन, सर्व प्रकार सांगितला. बापू भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. माझे बोलणे संपल्यावर उठले, उशी कपाटात ठेवली आणि म्हणाले, “पहिली गोष्ट, भरल्या पोटी यायचं नाही. दुसरी, बेनसाठी करताय म्हणून जीव खाऊन करायचं नाही. उद्या या. आणि तो पट्टा काढून नाडीची विजार घाला, पोटाला श्वास घेऊ द्या.”

पहिले काही आठवडे मी चालत्या पट्ट्यावर चाललो. पुढे न सरकता इतके चालता येते हे मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी कळले. मग बापूंनी दोरीच्या उड्या सुरू केल्या आणि तिसऱ्याच दिवशी तंटा उभा राहिला. व्यायामशाळेच्या खाली बांधणीच्या साड्यांचे दुकान आहे आणि त्याचे मालक वल्लभभाई दुकानातल्याच गादीवर झोपतात. ते बंडीवरच जिना चढून वर आले. “बापू, छताची पोपडी माझ्या कपाळावर पडली! भरदुपारी कोण रेडा नाचवताय वर?” त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले. त्यांचे विवरणपत्र मीच भरतो. “जयसुखभाई, तुम्ही? अहो, तुम्ही तर शहाणे!” मी क्षमा मागितली. कायद्यात काही लिहिलेले नसले तरी दुपारी आवाज करणे हा आमच्याकडे गुन्हाच आहे, आणि मी गुन्हेगार ठरलो होतो. त्या दिवसापासून बापूंनी माझ्यासाठी आवाज न करणारे व्यायाम शोधून काढले. कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग फळीसारखे ताठ धरून राहणे, भिंतीला पाठ लावून अदृश्य खुर्चीवर बसणे, रबरी पट्टे ताणणे, आणि उठाबशा. पण इतक्या संथ की मांड्या थरथरू लागल्या तरी जमिनीला पत्ता लागू नये. दणदणाट करून जे झाले नसते ते या मुक्या व्यायामांनी केले. वल्लभभाई आता जिन्यात भेटले की विचारतात, “काय, आज नुसतंच उभं राहायचंय ना?”

खाण्याच्या बाबतीत माझे थोडे चुकले, तेही सांगतो. पुढे चेतनाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेले बरे. बापूंनी सांगितले होते की तळलेले कमी करा आणि कडधान्ये वाढवा. मी विचार केला, गाठिया बेसनाच्या, बेसन चण्याचे, आणि चणा हे कडधान्य. तर्कात मला कुठेही खोट दिसली नाही. मी रोज सकाळी निष्ठेने गाठिया वाढवल्या, सोबत तळलेली मिरची आणि कच्च्या पपईच्या किसाचा संभारोही घेतला, आणि वजनाचा काटा एका जागी का अडला याचा गंभीरपणे शोध घेत राहिलो. बापूंना हे कळले तेव्हा ते मटकन बाकावर बसले. “काका, तुम्ही बी. कॉम. ना? मग तेल कुठल्या खात्यात टाकलंत?” त्या दिवसापासून मी वाफवलेले मूग खातो. रविवारी सकाळी सारे राजकोट गाठियांच्या रांगेत उभे असते तेव्हा मी दारे-खिडक्या लावून घेतो.

चेतनाला मी सांगितले होते की कामाचा ताण असल्यामुळे दुपारी ऑफिसातच पडतो. तिने दोन आठवडे विश्वास ठेवला. मग एक दिवस माझ्या पिशवीतून ओला टॉवेल काढून तिने तो माझ्यासमोर धरला. “लोकांचे नवरे चोरून बाटली आणतात. माझ्या नवऱ्यानं घाम आणला!” ती आधी हसली. कारण सांगितल्यावर मात्र हसणे थांबले आणि दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतेच बोलली. मी तिच्यावर सक्ती करणार नव्हतो. तिची संमती नसती तर मी या वाटेने पुढे गेलोच नसतो. तिसऱ्या दिवशी जेवायला वाढताना ती म्हणाली, “मी या घरात आले तेव्हा बा नव्हत्या. बेनना सासू व्हायला पूर्ण वाव होता. त्या झाल्या नाहीत. मी विसरलेले नाही.” मग माझ्या ताटातला बटाटा तिने उचलून परत पातेल्यात टाकला. तिचा होकार मला अशा रीतीने मिळाला.

मोटीबेन, व्यायाम करताना माणसाला काय काय आठवते ते लिहिण्यासारखे आहे. भिंतीला टेकून त्या अदृश्य खुर्चीवर बसलो की मला आपल्या गोंडलजवळच्या घराचा ओटा आठवे. बा गेल्यानंतरचा पहिला श्रावण. रविवारी वीरपसली. गावातल्या सगळ्या बहिणी उपाशी राहून भावाकडून येणाऱ्या भेटवस्तूची वाट पाहत होत्या, आणि वीर म्हणजे भाऊ, पसली म्हणजे ओंजळ, हे नुकतेच मला कोणीतरी सांगितले होते. बापुजी बाजारात गेलेले, मोठे कोणी घरात नाही. मी शेजारच्या शेतात शिरलो आणि भुईमुगाची रोपे उपटून ओंजळभर शेंगा तुला आणून दिल्या. श्रावणात भुईमूग कुठला तयार! शेंगा पाणचट होत्या, आत दाणाच धरलेला नव्हता. तू त्या सालीसकट चावून खाल्ल्यास आणि म्हणालीस, “गोड आहेत हो वीरा.” मग भाकरी घेतलीस, अर्धी मला भरवलीस. शेतवाल्या काकांची बोलणी संध्याकाळी तूच खाल्लीस. त्यानंतर मी साड्या दिल्या, पातेली दिली, एका वर्षी तुला न आवडणाऱ्या रंगाची शाल दिली. तू कधीही काही परत केले नाहीस.

आषाढाच्या सुरुवातीला डॉक्टरांनी तपासणीला बोलावले. वजन उतरले होते, रक्तदाब ताळ्यावर होता, साखर शिस्तीत होती. इथे माझा स्वभाव आडवा आला. परीक्षेच्या आदल्या दिवशी अभ्यास सोडायचा नाही, हा माझा जन्माचा नियम. म्हणून आदल्या दुपारी, बापू लग्नाला गेलेले असताना, मी पायांचे सगळे व्यायाम केले, मग हातांचे केले, आणि मन भरेना म्हणून पुन्हा पायांचे केले. दुसऱ्या दिवशी रक्त दिले. अहवाल आला तेव्हा नेमका मूत्रपिंडाचाच आकडा वर गेलेला होता. जे तुला द्यायचे तेच बिघडलेले! अहमदाबादच्या त्या बाकावर चेतनाने माझा हात धरला होता आणि मला तो जाणवत नव्हता. मला एवढेच दिसत होते की इतके महिने मी ज्या दाराशी उभा होतो ते आतून लावले गेले. तुला तर याचा पत्ताही नव्हता. त्याच दिवशी तू फोन करून विचारलेस, “आवाज असा का? जेवलास ना?”

डॉक्टरांनी अहवाल पाहिला, मग माझे दंड पाहिले. “काल काय केलंत?” मी प्रामाणिकपणे सर्व सांगितले. ते इतके हसले की बाहेरची परिचारिका आत डोकावली. “अहो, स्नायूंना एवढं राबवलंत तर रक्तात त्याचा कचरा दिसणारच. मूत्रपिंडाचा यात काय दोष? आता औषध लिहून देतो. आठवडाभर एकही व्यायाम नाही, आणि रोज दुपारी झोपायचं.” चेतनाने ती चिठ्ठी देवघरात ठेवली आहे. राजकोटच्या माणसाला दुपारची झोप डॉक्टरांनी लिहून दिल्याचे हे बहुधा एकमेव उदाहरण असावे. बापूंना सांगितले तेव्हा त्यांनी कपाटातून आपली उशी काढून मला दिली. म्हणाले, “काका, झोपा. मीही किती महिने झोपलेलो नाही.” तेव्हा माझ्या ध्यानात आले की माझ्याबरोबर त्यांचीही झोप गेली होती आणि ते त्याबद्दल एका शब्दाने बोलले नव्हते. गंमत अशी की पहिले दोन दिवस मला झोपच लागली नाही. पंख्याकडे पाहत मी पडून राहिलो. तिसऱ्या दुपारी लागली ती दिवेलागणीला उतरली.

पुन्हा तपासणी झाली. सगळे ठीक आले. त्यानंतर इतर सर्व तपासण्या झाल्या, रुग्णालयाच्या समितीने मला आणि चेतनाला वेगवेगळे बसवून प्रश्न विचारले, चेतनाने सही केली, मी केली. परवा डॉक्टरांनी उठून माझ्याशी हात मिळवला. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसलो आणि चेतनाने खिडकी लावून घेतली.

आता फक्त तुझी सही हवी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे की बहिणीच्या मर्जीशिवाय ते कशालाही हात लावणार नाहीत. हे पत्र त्यासाठी आहे, आणि ते आजच तुझ्या हाती पडावे म्हणून चेतनाला मी पहाटेच्या बसने पाठवले. आज श्रावणातला रविवार. डॉक्टरांचे न ऐकता तू उपास धरला असशीलच आणि भावाकडून काय येते याची वाट पाहत असशील. यंदा साडी नाही, शाल नाही. माझी ही वीरपसली आहे, आणि ती तू आजवर कधी परत केलेली नाहीस. घाबरू नकोस, वीराला काही होणार नाही. डॉक्टरांनी मला आतून-बाहेरून तपासूनच पाठवले आहे. त्या वर्षीच्या शेंगांत दाणा नव्हता, तरी तू त्या गोड म्हणून खाल्ल्या होत्यास. या वेळच्या ओंजळीत दाणा धरला आहे. घे, आणि मग जेव. चेतना आत तुझे पान वाढून उभी आहे.

तुझ्या कडेवरून उतरून आता बराच हलका झालेला,
तुझाच
जयसुख